एकदाच दिसलेला पैलू

नलू,

तुझी शोकसभा झाली. आपल्याच सेमिनार हॉलमध्ये, दुपारच्या सुट्टीत. प्राचार्यांनी कागद वाचून दाखवला. जन्म, शिक्षण, कॉलेजात रुजू, एम.फिल., पीएच.डी., आणि मग "स्फटिकवाढीच्या क्षेत्रात मोलाची भर". या वाक्याला मी सवयीने शेजारी बघितलं. अशा वाक्यांना तू खाली वाकून पदर सारखा करायचं निमित्त करायचीस आणि माझ्या पायावर चप्पल मारायचीस. शेजारी केमिस्ट्रीचे सर डोळे मिटून बसले होते. मग सगळे उभे राहिले, शांत राहिले, घंटा झाली आणि मुलं तासाला पळाली.

दुसऱ्या दिवशी हेड सरांनी तुझा सेकंड इयरचा वर्ग मला दिला. "तुमच्याशिवाय कोण घेणार," म्हणाले. मी गेले. पुढच्या बाकावरची जाड चष्म्याची मुलगी, तुझी लाडकी, उभी राहिली. "मॅडम, नलिनी मॅडमचं कार्नो इंजिन अर्धं राहिलंय. तुम्ही पुढचं घेणार की पहिल्यापासून?"

"कुठपर्यंत आणलंय त्यांनी?"

तिने सांगितलं. मी पुढचं घेतलं. बरं झालं तसं. पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की बघ, तुझं इंजिन अर्धवट सोडून गेलीस आणि मला ढकलावं लागलं. हा विनोद कळणारं माणूस तिथे कुणी नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

आपण पहिल्यांदा भेटलो ते प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. दोघी मुलाखतीला आलेल्या, दोघींना वाटत होतं की जागा एकच आहे. तू खळ केलेली निळी सुती साडी नेसली होतीस आणि मांडीवरच्या फाईलवर बोटांनी ताल धरला होतास. मी सायखेड्याहून सकाळच्या गाडीने आले होते, चपलांना रानातली माती तशीच होती, आणि ती दिसू नये म्हणून पाय बाकाखाली ओढून घेत होते. तू विचारलंस, "तुमचं स्पेशलायझेशन काय?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

"मग बरं झालं. माझं सॉलिड स्टेट. आपण एकमेकींच्या ताटातलं नाही खाणार."

खरंच दोघींना घेतलं. दिवाळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि प्रमिलाची 'पमे' झाली. घरच्यांना सोडून मला पमे म्हणणारी तू पहिली आणि शेवटची.

दोघींची लग्नं झाली नाहीत. माझं कारण सगळ्या सायखेड्याला माहीत होतं. मला पाहायला येणाऱ्यांपेक्षा मी जास्त शिकले होते, आणि ते लपवायला आईला जमायचं नाही. तुझं कारण तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. गंगापूर रोडच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तू तुझ्या वडिलांबरोबर राहायचीस. ते नाशिक रोडच्या नोकरीतून रिटायर होऊन आले होते, दिवसभर रेडिओ दुरुस्त करायचे, आणि मी आले की म्हणायचे, "ये गं, हिला जरा घरातलं काहीतरी बोलायला लाव. ही माझ्याशी अणूंवर बोलते."

तुझं शिकवणं मी कधी नीट सांगू शकले नाही, शोकसभेत मला बोलायला लावलं तेव्हाही नाही. मी म्हटलं, त्या फार मन लावून शिकवायच्या. काहीच्या काही वाक्य. सांगायचं होतं ते प्रॅक्टिकलच्या दिवसांबद्दल. फर्स्ट इयरला लंबकाचा प्रयोग असतो, दोरीला गोळा टांगून आंदोलनं मोजायची आणि गुरुत्वाचा आकडा काढायचा. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मुलं उत्तर लिहून मग उलटीकडून रीडिंग्ज तयार करतात. वर्षानुवर्षं करतात, आपणही केली होती. तू एकेकाचं जर्नल उघडायचीस. "नऊशे ऐंशी? बरोब्बर? अरे वा. कुठून उचललंस?" पोरगं लाल. मग एक दिवस एक घाबरट मुलगा नऊशे त्रेपन्न घेऊन उभा होता, चुकलं म्हणून रडायच्या बेतात. तू त्याचं जर्नल सगळ्या बॅचसमोर धरलंस. "हा आकडा याचा स्वतःचा आहे. याने खरंच मोजलं. आता का चुकलं ते आपण शोधू." आणि अर्धा तास त्याच्याबरोबर लंबकाखाली वाकून बसलीस. दोरी सैल होती. ते सापडल्यावर तुम्ही दोघं असे हसलात की शेजारच्या लॅबमधून मी बघायला आले.

हे सगळं तुझ्या संशोधनाच्या आधीचं. किंवा तेच तुझं संशोधन होतं, मला नंतर वाटायला लागलं.

पीएच.डी. करायची तुझ्या मनात पहिल्यापासून होतं. पण आपल्या कॉलेजात होतं काय? दोन चांगले सूक्ष्मदर्शक आणि एक कायम दुरुस्तीला गेलेला ऑसिलोस्कोप. पुण्याचे तुझे गाईड व्यवहारी माणूस. म्हणाले, यंत्र लागणार नाही असा विषय घ्या. स्फटिक वाढवा, जेलमध्ये. परीक्षानळीत जेलीसारखा पदार्थ गोठवायचा, त्यावर दुसरं द्रावण हलकेच ओतायचं, आणि नळी तशीच ठेवून द्यायची. वरचं द्रावण जेलीत झिरपत जातं, जेलीत मिसळलेल्या आम्लाला हळूहळू भेटतं, आणि काही आठवड्यांनी जेलीच्या आत काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसायला लागतात. खर्च जवळजवळ नाही. लागते ती निवांत जागा, कारण धक्का बसला की एका मोठ्या स्फटिकाऐवजी शेकडो बारके तयार होतात आणि सगळी नळी दुधाळ होते.

तू डार्करूमच्या कपाटात नळ्यांची रांग लावलीस. मुलांनी डोकावून बघितलं आणि तुला नाव ठेवलं, खडीसाखर मॅडम. तुला ते आवडलं होतं, कबूल करत नव्हतीस.

मग स्नेहसंमेलन आलं. स्टेज नेमकं डार्करूमच्या भिंतीला लागून, आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. तू प्राचार्यांकडे गेलीस, मी बरोबर होते. "सर, स्टेज मैदानाच्या त्या टोकाला घेता येईल का? माझे स्फटिक आहेत."

ते चांगले होते बिचारे. बराच वेळ समजून घ्यायचा प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या खड्यांसाठी पोरांनी नाचू नये का?"

संमेलन संपल्यावर कपाट उघडलं तर ताक भरून ठेवल्यासारख्या नळ्या. तू एकेक नळी उजेडाकडे धरून बघितलीस, ठेवून दिलीस. मी सहज बोलून गेले, "आमच्याकडे ठेव. सायखेड्याला मागच्या खोलीत कुणी जात नाही. दिवसभर कुत्रं भुंकलं तर भुंकलं."

तू माझ्याकडे बघितलंस. "खरंच?"

आणि तसे आपले रविवार सुरू झाले. सीबीएस स्टँडवरून एस.टी., खिडकीची जागा तुझी, मांडीवर बाटल्यांची पिशवी. घर नदीच्या अंगाला, गावाच्या खालच्या बाजूला. मागच्या खोलीत भिंतीत कोनाडे होते, त्यात तू लाकडी स्टँड बसवलेस. आई दारात उभी राहून बघत होती.

"बाई, ह्याच्यात काय पिकवायचं म्हन्ता?"

"खडे, मावशी. पण हळूहळू येतात. यांना अजिबात हात लावायचा नाही. हलवायचंही नाही. झाडू मारताना सुद्धा नाही."

"नाय लावायची. पर पानी-बिनी घालायचं का?"

"काहीच नाही."

"लय सोपं पीक हाय मंग," आई म्हणाली, आणि तू हसत हसत तिथेच जमिनीवर बसलीस.

आईचा आणि तुझा एक वेगळाच संसार झाला त्या खोलीत. तू भिंग लावून बसायचीस, ती उंबऱ्यात भाजी निवडत बसायची. तुला रोपं कधी लावायची ते ती सांगायची, तिला पृथ्वी कशी फिरते ते तू. दोघींचा एकमेकींवर फारसा विश्वास नव्हता. आमच्या रानातल्या टोमॅटोला भाव नव्हता त्या वर्षी तिने तुला विचारलं होतं, "तुमच्या खड्यांना भाव काय मिळतोय?" तू म्हणालीस, "मावशी, बाजारच नाही." ती म्हणाली, "मंग आपलं दोघींचं सारखंच."

अशी काही वर्षं गेली. तुझे वडील गेले. कॉलेजात नवीन मुलं शिकवायला लागली, त्यातल्या काहींची पीएच.डी. तुझ्याआधी झाली. तू द्रावणात वेगवेगळ्या धातूंची चिमूटभर भेसळ करून बघत होतीस, स्फटिकाचा आकार कसा बदलतो ते टिपत होतीस. आणि मग, दोन हजार सालानंतरचा तो पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, कोपऱ्यातल्या एका नळीत तो दिसला.

मी चहा घेऊन आत आले तेव्हा तू श्वास रोखून बसली होतीस. हाताने मला जवळ बोलावलंस. भिंग माझ्या डोळ्याला लावलंस. जेलीच्या मधोमध एकच स्फटिक, नितळ, नखाएवढा. बाकी सगळे जसे यायचे तसाच, पण टोकाजवळ एक तिरका पैलू जास्तीचा. पाणी कापल्यासारखा स्वच्छ.

"हा इथे असायला नको," तू म्हणालीस. "पमे, हा पैलू या स्फटिकाला असूच शकत नाही."

"पण आहे."

"आहे," तू म्हणालीस, आणि लहान मुलीसारखा माझा दंड धरलास.

मी म्हटलं, काढून घेऊ या बाहेर. तू म्हणालीस, नको, अजून वाढतोय. वाढू दे. पुढच्या खेपेला पुण्याच्या लॅबमधला कॅमेरा मागून आणते, नळीतच फोटो काढू, मग बाहेर काढू. ते बरोबरच होतं. कुणीही हेच केलं असतं.

पुढच्या खेपेआधी पाऊस लागला. वरून धरणाचं पाणी सोडलं आणि गोदावरी गावात शिरली. भाऊ आईला घेऊन वरच्या शाळेत गेला. फोन लागत नव्हते, रस्ता बंद होता. रस्ता उघडला त्या दिवशी पहिल्या गाडीने आपण गेलो. एस.टी. गावाबाहेरच थांबली. पुढे चिखल, त्यात कुणाच्या गाद्या, कुणाची भांडी, कुंपणांना अडकलेले कपडे.

आई अंगणात फावडं घेऊन उभी होती. तू चपला काढल्यास, साडी खोचलीस आणि तिच्या हातातलं फावडं घेतलंस. दिवसभर आपण घरातला गाळ काढला. तू पुढची खोली काढलीस, स्वयंपाकघर काढलंस, ओट्यावरचा चिखल धुतलास. मागच्या खोलीकडे तू बघतही नव्हतीस. मी बघत होते तुझ्याकडे. दुपार उतरल्यावर आईलाच राहवलं नाही.

"बाई, तुमच्या नळ्या गेल्या वो. पानी शिरताना मला दिसत व्हत्या. घेतल्या असत्या पदरात. पर तुम्हीच म्हनल्या व्हत्या, हात लावू नका."

तू फावडं भिंतीला टेकवलंस. मला वाटलं आता तू रडणार. तू आईचे चिखलाचे हात धरलेस. "बरं केलंत, मावशी. हलवल्या असत्या तर तशाही गेल्याच असत्या. तुम्ही वर गेलात हे बरं केलंत."

मग तू मागच्या खोलीत गेलीस. कोनाड्यात लाकडी स्टँड तेवढा तिरका होऊन अडकला होता. तू तो सरळ केलास आणि बाहेर आलीस.

आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही.

तुझ्याजवळ बाकीच्या नळ्यांची सगळी निरीक्षणं होती. त्या एका स्फटिकाचं पेन्सिलने काढलेलं चित्र होतं. गाईड म्हणाले, तो एक नमुना सोडून द्या, उल्लेखच नको, बाकीच्यावर प्रबंध बांधा, मी आता निवृत्त होतोय. मी म्हटलं, सोडायचा का? तोच तर खरा शोध आहे. चित्रासकट लिही. आपण दोघींनी पाहिलाय.

तू दोघांचंही ऐकलं नाहीस. म्हणालीस, "आपण दोघींनी पाहिला ही आठवण झाली, पमे. शास्त्र व्हायला तो परत यायला हवा."

आणि त्याला परत आणायला बसलीस. तेच द्रावण, तीच भेसळ, तेच प्रमाण. आधी तुझ्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली, पण खालून गंगापूर रोडची वाहतूक. मग परत सायखेड्याला, त्याच कोनाड्यात. स्फटिक यायचे, चांगले यायचे, पण जसे यायला हवेत तसेच. तो पैलू नाही. दरम्यान नंतर लागलेले दोघेजण बढती मिळून रीडर झाले. त्यांच्या पेढ्यांचे बॉक्स आपल्या टेबलावरून फिरले. तू पेढा घेऊन म्हणायचीस, छान आहे, कुठल्या दुकानातला?

मला ते सहन होत नव्हतं. एका रविवारी, परत एक रांग रिकामी निघाल्यावर, सायखेड्याच्या स्टँडवर मी बोलले. खूप बोलले. की तुझा हा खरेपणा नाही, हट्ट आहे. की तुला डॉक्टर व्हायचंच नाही, नळ्यांसमोर बसायचं आहे. की पूर येऊन गेला, तुझ्यात अजून पाणी तसंच आहे.

गाडी येताना दिसली. तू पिशवी उचललीस आणि म्हणालीस, "तू कधी काही वाढवलं नाहीस, पमे. तुला नाही कळायचं."

गाडीत आपण वेगवेगळ्या सीटवर बसलो. पुढे कितीतरी दिवस कॉलेजात फक्त वेळापत्रकापुरतं बोललो. मग एके सकाळी तू माझ्या टेबलावर डबा ठेवलास, "शेवग्याच्या शेंगा आहेत, एकटीने संपत नाहीत," आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. पण ते वाक्य तू मागे घेतलं नाहीस. मी मागितलं नाही. मी कधी काही वाढवलं नाही हे खरंच होतं, नलू. ना संशोधन, ना मूल. म्हणून ते लागलं. आज तू असतीस तर मी विचारलं असतं, की त्या क्षणी तुला नक्की काय म्हणायचं होतं. की ते फक्त गाडी आली म्हणून घाईत निघून गेलं.

शेवटी प्रबंध झाला. नव्या गाईडच्या हाताखाली, बाकीच्या नमुन्यांवर. आणि त्यात तू दोन वाक्यं घातलीस. एका नमुन्यात अनपेक्षित पैलू दिसला, तो नमुना नष्ट झाला. अनेकदा प्रयत्न करूनही तो पुन्हा मिळाला नाही.

तुझ्या व्हायव्हाला मी पुण्याला आले होते, मागच्या खुर्चीवर बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "ही दोन वाक्यं काढली असती तर प्रबंध जास्त नेटका झाला असता. का ठेवलीत?"

"कारण ते घडलं, सर."

"पण पुन्हा घडलं नाही."

"तेही लिहिलंय, सर."

त्यांनी ते पान मिटलं. मग चष्मा काढून हसले. बाकीचे प्रश्न त्यांनी हलके विचारले. मी मागे बसून रुमाल चावत होते. तुला उभं राहिलेलं बघून मला फर्स्ट इयरचा तो घाबरट मुलगा आठवत होता, पण तू घाबरलेली अजिबात नव्हतीस.

परतताना गाडी संगमनेरला थांबली. आपण खाली उतरून चहा घेतला. डॉक्टर झालेली बाई, हातात काचेचा पेला, एकदम पोरक्या तोंडाने मला म्हणाली, "आता रविवारी काय करायचं गं?"

मी म्हटलं, "सायखेड्याला जायचं. आई वाट बघते."

आणि आपण जात राहिलो. नळ्या नाहीत, भिंग नाही. उगीच. ओट्यावर बसायचं, आईचं ऐकायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मला वाटतं आपल्या दोघींचा तो सगळ्यात सुखाचा काळ होता. मला कळत होतं. तुला कळत होतं का ते मी विचारलं नाही. सुखात असताना कोण विचारतं?

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू ते महिनोन्‌महिने अंगावर काढलंस. मी मागे लागून नेलं तेव्हा डॉक्टरांनी तुझ्याऐवजी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी काय सांगणार होते? सहकारी म्हटलं असतं तर ते बोलले नसते. मी म्हटलं, बहीण.

शेवटचे काही आठवडे तू घरीच होतीस. थंडीचे दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला गॅलरीत ऊन यायचं, मी तुला खुर्चीत बसवायची, शाल गुंडाळायची. तू जर्नल्स तपासायला मागायचीस. मी आणून द्यायची, तू दोन पानं बघून मिटायचीस. तू त्या स्टँडवरच्या वाक्याबद्दल काहीतरी बोलशील असं मला रोज वाटायचं. एक दिवस तू डोळे मिटून बसली होतीस, झोपलीस असं समजून मी उठले, तर म्हणालीस, "पमे."

"काय गं?"

"तो पैलू होता ना?"

मी परत बसले. तुझा चेहरा उन्हाकडे होता. आयुष्यभर जी बाई मला सांगत आली की दोघींनी पाहिलं याला काही किंमत नाही, ती मला विचारत होती.

"होता," मी म्हटलं. "मी पाहिला."

"नक्की?"

"नक्की. टोकाजवळ. तिरका."

"मग ठीक," तू म्हणालीस. एवढंच. त्यानंतर आपण पाण्याच्या टाकीवर, शेजारणीच्या मुलीच्या लग्नावर बोललो. दोन-तीन दिवसांत तू गेलीस, सकाळीच, मी दूध तापवत असताना.

काल दुपारी मी तो स्फटिक कागदावर काढून बघायला बसले. तुझं चित्र बघायचं नाही असं ठरवून. आकार आला, उंची आली, टोक आलं. पैलू काढायला गेले आणि पेन्सिल थांबली. तो उजव्या अंगाला होता की डाव्या? मी डोळे मिटले. भिंग आठवलं, तुझा हात आठवला, चहा सांडला होता तो आठवला. बाजू आठवेना. इतकी वर्षं या गोष्टीवरून मी छातीठोकपणे तुझ्याशी भांडत आले. आता तो पाहिलेली मी एकटी आहे, आणि माझंही असं व्हायला लागलंय. तू असतीस तर जर्नलवर लाल रेघ मारली असतीस आणि म्हणाली असतीस, बघ, म्हणूनच. मी म्हटलं असतं, बाजू विसरले म्हणजे पैलू नव्हता का? आणि तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. ते उत्तर काय असतं याचा मी कालपासून विचार करतेय. मला तुझं सगळं ऐकू येतं, तेवढंच ऐकू येत नाही.

आज रविवार होता. आईला अजून कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणाला, तूच सांग. मी सीबीएसला जाऊन गाडीत बसले. खिडकीची जागा रिकामी होती, मी अलीकडच्याच जागेवर बसले, आणि कंडक्टर म्हणाला, "ताई, आत सरका." मी सरकले.

आई ओट्यावर मेथी निवडत होती. आता तिला लांबचं दिसत नाही, पण पावलं ओळखते. माझ्या मागे बघत राहिली.

"बाई मागून येती का?"

मी तिच्याजवळ बसले. आजार तिला माहीत होता, पण एवढा नाही. मी सांगितलं. तिचे हात थांबले. मग परत चालू झाले, पण ती आता पानं देठाच्या बाजूला टाकत होती आणि देठ पानांच्या. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले.

"लय शिकल्याली व्हती, पर चिखलात उतरली व्हती माझ्यासंगं," ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून, "मंग आता तू कोनासंगं येशील?"

"एकटीच येईन, आई."

"एकटीला लांब पडतं गं."

"कुठे लांब? तासाभराचा तर रस्ता."

तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. गाडीची वेळ झाली. तिने चांगली मेथी बाजूला काढून नेहमीसारख्या दोन जुड्या बांधल्या. एक माझ्या पिशवीत घातली. दुसरी हातात धरून थोडा वेळ बसली, आणि मग तीही माझ्याच पिशवीत घातली.